‘येऊन राहिली’ म्हणणारा बाबू

दोन हजार तेवीस साल, मी बहात्तरचा. आमच्या टेसनावर छोटी लाइन जाऊन मोठी आली, पण गाड्या थांबतात मोजक्याच. तिकिटाच्या खिडकीतल्या बाबूला कवाबी इचारा, चष्मा पुसत म्हणतो, "येऊन राहिली, बाबा."

त्या दिवशी मी अकोल्याच्या गाडीसाठी सकाळपासून टेसनावर बसलेलो; दुसऱ्या दिवशी तिथं माझ्या बहिणीचं ऑपरेशन व्हतं. "दादा आल्याबिगर आत जात न्हाई," म्हणून ती अडून बसलेली. दुपार कलली तरी बाबूचं तेच. मी खिडकी बडवली. तवा त्यानं बाहेर येऊन फटफटी काढली.

"बसा. गाडी रद्द हाय. सकाळीच कळलं."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमच्या तोंडावर न्हाई म्हणवंना, बाबा."

हिंगोलीच्या बसस्टँडापर्यंत मी त्याला शिव्याच देत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीचा हात धरून तिला ऑपरेशनच्या दारात सोडलं.