आमच्या ह्यांची उचकी

आमचे हे, म्हणजे शाओ पेइलिन, कालव्याकाठच्या आमच्या गावात बेचाळीस वर्षं लोकांना सुया टोचत आलेत. कंबरदुखी, दमा, वाकडं झालेलं तोंड, उडालेली झोप, सगळं ह्यांच्याच दारात येतं. तीन बोटांनी नाडी बघणार, जीभ बघणार आणि म्हणणार, "कालवा तुंबलाय." अंगात बारा मोठे कालवे, त्यांतून प्राण वाहतो, गाळ साचला की माणूस दुखणं घेऊन बसतो, हा ह्यांचा सिद्धांत. मग सुई टोचून हलकेच फिरवतात आणि विचारतात, "आलं का?" काहीतरी जड, बधिर, आंबल्यासारखं आत पसरतं म्हणे. पेशंट "आलं, आलं" म्हणून ओरडला की स्वारी खूश.

आता खरं सांगते. हा माणूस सुईला घाबरतो. दुसऱ्याच्या अंगातल्या नव्हे, स्वतःच्या!

आमच्या धंद्याची रीत अशी की आधी कागदाच्या गठ्ठ्यावर सराव करायचा, मग स्वतःच्या पायावर. सासरे सांगायचे, पूर्वी राजाकडे काशाचा पोकळ पुतळा असे. अंगभर बारीक भोकं, आत पाणी, वरून मेणाचा लेप. परीक्षेत सुई नेमक्या जागी गेली तर पाणी ठिबकायचं, नाहीतर विद्यार्थी नापास. आमच्याकडे कुठला पुतळा? ह्यांनी कागद झाल्यावर धाकट्या भावाचा पाय धरला आणि वडिलांना सांगितलं, स्वतःवरच सराव केला. दीर बिचारे अजून ह्यांच्यासमोर पाय पोटाशी घेऊन बसतात.

दुसरी रीत त्याहून वाईट. शिष्य दुसऱ्याच्या अंगात पहिली सुई टोचतो ती गुरूच्याच पायात, गुडघ्याखाली चार बोटांवर. त्या जागेला आम्ही 'पायाचे तीन कोस' म्हणतो. त्यापायी ह्यांनी सात शिष्य परत पाठवले. एकाचे हात गार, एक डावखुरा, एक म्हणे लसूण फार खातो!

आठवी आमची लेक युन. सुई टोचायच्या साडेतीनशेच्या वर जागा तिला तोंडपाठ. ती म्हणाली, "बाबा, शिकवणार असाल तर रविवारपर्यंत सांगा. सोमवारी मी शहरातल्या रेशमाच्या गिरणीत रुजू होते." ह्यांनी उत्तर म्हणून पंखा जोरात हलवला. इतकी हुशार पोर उकळत्या पाण्यात कोष ढवळत बसणार?

आणि शनिवारी ह्यांना उचकी लागली.

उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले दिवस. हिवाळ्याचा खोकला आत्ताच उपटायचा म्हणून दारापासून पुलापर्यंत रांग. आदल्या दुपारी ह्यांनी चिकट भाताच्या पाच पुरचुंड्या हाणल्या होत्या. दर चार श्वासांना "हुक्!" आणि हातातली सुई वीतभर उडायची. रांगेत पुढे होती बदकं विकणारी दिंग. तिने पाठ उघडी केली होती ती झटकन झाकली.

"शाओकाका, आधी स्वतःला टोचा की! प्राण खाली जायचा तो वर उसळतोय, तुम्हीच सांगता ना?"

"तसं नसतं, हुक्, ते!"

"मग कसं असतं?"

सगळी रांग हसायला लागली. कुणी म्हणालं श्वास कोंडा, कुणी म्हणालं व्हिनेगर प्या. दिंगने ह्यांच्या कानाशी जिवंत बदक ओरडवलं. हे घाबरून स्टुलावरून पडले, पण उचकी काही हलली नाही.

माझा संयम सुटला. "अहो, बसा गुमान! युन, सुई घे."

"वेड लागलंय का तुला? हुक्! लोक बघताहेत."

"बघू देत. बेचाळीस वर्षं तुम्ही त्यांना बघताय!"

दिंगने बदक काखेत मारून खांदे धरले, मी पाय धरला. युनने चार बोटं मोजली. सुई अजून हवेत होती आणि ह्यांनी अशी बोंब मारली की दिंगची बाकीची बदकं पुलावरून थेट कालव्यात. "झालं का?" डोळे मिटूनच विचारलं.

"केव्हाच गेली, बाबा," युन म्हणाली आणि तिने सुई फिरवली.

ह्यांचे डोळे हळूहळू उघडले. एक हात मांडीवर, एक पोटरीवर. "अगं... हे बघ... खाली उतरतंय. घोट्यापर्यंत आलं!" मग पोरासारखे खिदळायला लागले. "दिंग, तुला रोज हेच येतं? आणि मला कुणीच नीट सांगितलं नाही!" हसता हसता डोळ्यांना धारा लागल्या. उचकी कधी थांबली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी आनंदाने दिंगच्या गळ्यात पडले, मध्ये बदक होतं तरीसुद्धा.

"बाबा, पुढचा पेशंट," युन म्हणाली.

हे विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यावर चढवून बसले होते, हातात नवी सुई, नजर दुसऱ्या पोटरीवर.

"तू बघ त्यांना," हे मान वर न करता म्हणाले. "मला सराव करायचाय."