राजीनामा देणार नाही

आमच्या मैदानाला स्टेडियम म्हणायला मन मोठं लागतं. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, समोर पत्र्याची शेड आणि शेडमध्ये पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे. पायऱ्या आमच्यासाठी, सोफे मान्यवरांसाठी. महामारीत बंद पडलेली शहराची लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा अट एकच होती, प्रेक्षक नकोत. पायऱ्यांना दोऱ्या बांधल्या गेल्या, फाटकाला कुलूप लागलं. सोफ्यांचे अभ्रे मात्र धुऊन आले. मान्यवर म्हणजे प्रेक्षक नव्हेत हे मला तेव्हा कळलं, आणि पुढे पटलंही, कारण त्यांच्यापैकी कुणी सामना बघत नसे.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीनिमित्त लखनौला आलो आणि इंदिरा नगरात स्थिरावलो. माझं आयुष्य दगडफुलाच्या अभ्यासात गेलं. मसाल्यातल्या ज्या वस्तूकडे कुणाचं लक्ष जात नाही तिच्याकडे मी पगार घेऊन लक्ष दिलं. मराठी माणूस म्हटलं की इथले लोक क्रिकेटचा विषय काढतात. आमच्या गावात फुटबॉलवरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो, हे सांगितलं की त्यांना मी चेष्टा करतोय असं वाटतं. इलाज म्हणून मी विकास नगरच्या बाजूचा एक साधा क्लब धरला आणि दर रविवारी त्याचे सामने बघू लागलो. बघताना मी बोलतो. आमच्याकडे सगळेच बोलतात. इथे पहिल्या वर्षी लोक माझ्यापासून दोन पायऱ्या सोडून बसायचे, नंतर मुद्दाम जवळ येऊन बसू लागले.

क्लबचा मॅनेजर निशातगंजात चष्म्याचं दुकान चालवतो. फाटकाला कुलूप लागल्यावर त्याने सामने मोबाइलवरून थेट दाखवायचं ठरवलं, आणि मला दुकानात बोलावून घेतलं.

“सर, आप तो वैसे भी बोलते रहते हैं,” तो म्हणाला. “अब माइक में बोल दीजिए।”

“मेरी हिंदी बीच में मराठी हो जाती है.”

“हो जाने दीजिए. गेंद कौन सी हिंदी समझती है।”

असा मी समालोचक झालो. कपडे बदलायच्या खोलीच्या छतावर मॅनेजर स्टँडला मोबाइल बांधून उभा राहायचा आणि मी कॉलरला माइक लावून त्याच्या शेजारी. माझी हिंदी मैदानाच्या मध्यापर्यंत व्यवस्थित चाले. चेंडू गोलच्या जवळ गेला की ती कोल्हापुरात शिरायची आणि मी “मार की, मार की” म्हणत सुटायचो. महिन्याभरात बघणारी मंडळी खाली “मार की सर” असं लिहू लागली. संशोधनात मला इतकी प्रसिद्धी कधी मिळाली नाही.

पहिल्याच सामन्यात एक घोटाळा झाला. मॅनेजर सवयीने मोबाइल सोफ्यांकडे वळवून उभा होता. शेडमध्ये दीपप्रज्वलन, शाली, मग भाषणं. सामना सुरू झाला तरी त्याने मोबाइल हलवला नाही, कारण एक मान्यवर अजून शाल घेत होते. तेवढ्यात क्लबच्या ग्रुपवर एका बाईंचा आवाजी निरोप आला. मी तो तिथेच ऐकला.

“मराठी भाईसाहब, आदाब. हमारा बेटा गोल में खड़ा है, सोफ़े पर नहीं. कैमरा गोल पर रखिए।”

त्या आमच्या गोलकीपरची आई. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा शाळेत असल्यापासून खेळत होता, पण त्यांनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. कुणी मनाई केली नव्हती. “वहाँ औरतों का माहौल नहीं होता,” एवढंच. घरी आल्यावर कसा खेळलास विचारलं की तो “अच्छा” म्हणे, आणि क्लब पाच गोलांनी हरला तरी उत्तर तेच. मैदानाला कुलूप लागलं तेव्हा या बाईंसाठी ते पहिल्यांदा उघडलं. आणि त्या एकट्या नव्हत्या. किती खेळाडूंच्या बहिणी, बायका, आत्या आपापल्या स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून बसत होत्या, ते निरोपांमागच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून कळायचं.

दुसऱ्या सामन्यानंतर बाईंचा तक्रारीचा सूर निघाला. “भाईसाहब, घर में तो ‘आप’ से नीचे नहीं उतरता. यहाँ अपने ही खिलाड़ियों को क्या-क्या कह रहा था. माइक ज़रा दूर रखिए. या नहीं, रहने दीजिए, मालूम तो पड़े।”

तेव्हापासून आमचा नियम ठरला. मोबाइल मैदानावर राहील. शेडमध्ये काहीही घडो, तो तिकडे वळणार नाही.

लीग चालवणाऱ्या संघटनेच्या सचिवांना हा नियम टोचत होता. सचिव दिसायला भारदस्त, बोलायला त्याहून. त्यांच्या प्रत्येक भाषणात “हम खेल के विकास की निरंतर चेष्टा कर रहे हैं” हे वाक्य असायचं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी ते वाक्य मराठीत ऐकायचो, आणि सांगायला हरकत नाही, मराठीत ते जास्त खरं होतं.

मग तो सामना आला. एक-एक अशी बरोबरी होती, उत्तरार्ध चालू होता आणि आमची पोरं समोरच्यांना त्यांच्या गोलसमोर कोंडून खेळत होती. अचानक शिटी वाजली. फाउल नाही, ऑफसाइड नाही. प्रमुख पाहुणे आले होते. सामन्याच्या सुरुवातीला येणार होते, ते आत्ता आले. खेळ थांबवून दोन्ही संघांना शेडसमोर रांगेत उभं केलं. हस्तांदोलनाला बंदी असल्यामुळे सगळे हात जोडून उभे. भाषण सुरू झालं.

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मोबाइल मैदानावरच राहिला. मोकळ्या मैदानात फक्त चेंडू पडला होता, तेव्हा मी चेंडूचं समालोचन केलं. चेंडू शांत आहे. चेंडूने कुणाचा सत्कार मागितलेला नाही. चेंडू वेळेवर आला होता. भाषण लांबलं तसं माझंही लांबलं.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा पोरं गार पडली होती. समोरच्यांचा एक साधा फटका गोलकीपरच्या हातांखालून गेला आणि आम्ही हरलो. बाईंचा निरोप त्या दिवशी एका वाक्याचा होता. “पसीने में लड़के को हाथ जुड़वाकर खड़ा रखा, भाईसाहब, यह मैंने देख लिया।” मोबाइलच्या कडेला रांगेचं टोक दिसत होतं, आणि त्या टोकाला त्यांचा मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांचा फोन आला. मी चहा घेत होतो.

“सर, आप बड़े हैं, पढ़े-लिखे हैं,” ते म्हणाले. “कल जो हुआ, ठीक नहीं हुआ. बात बढ़ाने से क्या फ़ायदा. आप राज़ीनामा दे दीजिए, बात यहीं ख़त्म।”

मी कप बशीत आदळला. “राजीनामा मैं नहीं दूँगा.”

“अरे सर, इतने नाराज़ मत होइए.”

“राजीनामा किस बात का? मेरे पास कोई पद ही नहीं है.”

मग सचिवांचा आवाज एकदम मऊ झाला. “अच्छा, पद. पहले कहते न सर. मानद सलाहकार बना देते हैं।”

ही तर उघड लाच होती. मी त्यांना सांगितलं की मला पदही नको आणि मी राजीनामाही देणार नाही, आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी मी माइकवर स्वच्छ जाहीर केलं, “दर्शकगण, मुझसे राजीनामा माँगा गया था. मैंने साफ़ मना कर दिया है. और आगे भी नहीं दूँगा.”

बघणाऱ्यांनी माझा जयजयकार केला. मॅनेजर पांढरा पडला. त्या संध्याकाळी माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर हसू दाबत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती हिंदीत देते.

“बाबा, राज़ीनामा मतलब क्या?”

“नोकरी सोडल्याचं पत्र.”

“वो इस्तीफ़ा होता है, बाबा. राज़ीनामा मतलब सुलह. वो आपसे दोस्ती करने आए थे यार।”

मला इस्तीफा माहीत होता, सुलह माहीत होती. इतक्या वर्षांत राज़ीनामाही कधीतरी कानावरून गेला असणार. पण राग आला की माणूस मातृभाषेत ऐकतो. एका सभ्य गृहस्थाने तहाचा हात पुढे केला होता आणि मी त्याला आधी झिडकारलं, मग त्याच्याकडे पद मागितलं, मग शहरभर सांगितलं की मी कधीही तह करणार नाही. लखनौसारख्या अदबीच्या गावात एवढा उर्मटपणा बऱ्याच वर्षांत झाला नसेल. बायको म्हणाली, “आता फोन करून नीट बोला.”

मी फोन केला. सचिव दुखावलेले होते, पण बोलले. तहाची कलमं त्यांनी तोंडी सांगितली. मोबाइल सुरुवातीला शेडवर राहील. भाषणं पूर्ण दाखवली जातील. पाहुणे जेव्हा येतील तेव्हा मोबाइल त्यांच्याकडे वळेल, खेळ चालू असो वा थांबवलेला. आणि समालोचक शेडविषयी काही बोलणार नाही. हे मान्य नसेल तर पुढच्या सामन्याला मोबाइल फाटकाच्या आत येणार नाही.

पुढचा सामना हंगामातला शेवटचा होता, आणि गोलकीपरचाही. त्याला दूर गुवाहाटीला नोकरी लागली होती. रुजू व्हायला निघण्याआधीचा हा त्याचा एकच सामना, आणि त्याच्या आईला तो दिसेल की नाही हे माझ्या हो-नाहीवर होतं. मॅनेजर म्हणाला, “सर, मान लीजिए. एक ही मैच की बात है।” माझी मान जवळजवळ हललीही होती. तत्त्वं माझी आणि मुलगा त्यांचा, हा हिशेब मला बरा वाटेना. म्हणून मी सगळी कलमं बाईंना फोनवर वाचून दाखवल्यासारखी सांगितली आणि म्हटलं, आपण म्हणाल तसं.

त्या म्हणाल्या, “यानी खेल फिर रुकेगा, वह फिर हाथ जोड़कर खड़ा होगा, और इस बार आप मुझे दिखाएँगे भी।”

“जी.”

“नहीं देखूँगी. आप कोई और सूरत निकालिए।”

ती सूरत, म्हणजे वाट, मॅनेजरच्या मेव्हण्याने काढली. त्याचं घर मैदानाच्या भिंतीला लागून आहे, गच्चीवरून मैदान दिसतं. समोरचा गोल अगदी स्वच्छ. अलीकडचा गोल मात्र भिंतीच्या इतक्या पोटाशी की कठड्यावरून वाकल्याशिवाय दिसत नाही. मी बाईंना आधीच सांगून ठेवलं की मोबाइलवर मुलगा सामन्याच्या एकाच अर्धात नीट दिसेल.

“आधा बेटा देखने के लिए फ़ोन क्यों देखूँ,” त्या म्हणाल्या. “मैं ख़ुद आ जाती हूँ।”

आणि खरंच आल्या. रविवारी दुपारी ई-रिक्षातून उतरल्या, मास्क, छत्री, पायांत मोजे घालून चपला. जिन्यावर कुणाचा हात घेतला नाही. मेव्हण्याने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी कठड्याजवळ ओढून घेतली आणि मला म्हणाल्या, “आप बोलिए, मेरी वजह से मत रुकिए।”

पूर्वार्धात मुलगा समोरच्या गोलमध्ये होता. लांबचा, लहानसा. मोबाइलवर तो मोठा दिसत होता, पण त्यांनी मोबाइलकडे पाहिलं नाही. उत्तरार्धात संघांनी बाजू बदलल्या आणि तो बरोबर आमच्या खाली आला. बाई खुर्चीवरून उठल्या, कठड्याला रेलल्या आणि वर्गात रोल नंबर पुकारावा तशा आवाजात म्हणाल्या, “बाएँ देखो, बाएँ।” मुलाने आधी डावीकडे पाहिलं, कारण तिकडून खरोखरच एक जण मोकळा धावत येत होता, आणि फटका अडवल्यानंतर वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचं वर्णन मी माइकवर केलं नाही.

मॅनेजरने आता मोबाइल स्टँडवरून काढला होता आणि हात कठड्याबाहेर लांब करून तो उलटा धरला होता. बघणाऱ्यांना चित्र हलत दिसत होतं. कुणी तक्रार केली नाही.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. सचिव. शेडमधून ते आमच्याकडे पाहत उभे होते, मध्ये अख्खं मैदान. पाहुणे नुकतेच आले होते. आणि आज खेळ थांबला नव्हता. कदाचित गच्चीवरून एक मोबाइल बघतोय म्हणून असेल.

“सर, वहाँ धूप में क्यों खड़े हैं,” सचिव म्हणाले. “नीचे आ जाइए, फाटक खुलवा देता हूँ. बस कैमरा ज़रा इधर घुमा लीजिए, अतिथि महोदय पूछ रहे हैं. राज़ीनामा कर लेते हैं न।”

कॉलरचा माइक चालू होता. माझं बोलणं सगळे ऐकणार होते.

“सचिव जी,” मी म्हणालो, “इस बार मुझे अर्थ मालूम है. जवाब वही है.”

ते काहीतरी बोलू लागले. बाईंनी मागे न वळता हात हलवला.

“भाईसाहब, बाद में. कॉर्नर है।”

मी फोन खिशात टाकला आणि कॉर्नर कोण घेतंय ते सांगू लागलो.