अध्यक्षांच्या कार्डावरचं प्रेम

आमच्या गावच्या वाचनालयातलं प्रेमकथांचं कपाट रद्दीत घालावं, असं निवेदन मीच दिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी उगाच भली वाटेन.

निवेदन जोरदार होतं. मी पत्रकं लिहून वाढलेली पोरगी. नळाच्या पाण्यापासून एसटीच्या फेऱ्यांपर्यंत विषय कोणताही द्या, अर्ध्या तासात एक पान, पाच मागण्या, सहा उद्गारचिन्हं. स्त्रियांना गुंगीत ठेवणाऱ्या सवंग कादंबऱ्या तात्काळ हटवाव्यात आणि त्या जागी वैचारिक ग्रंथ घ्यावेत, असं मी ठणकावलं होतं. खाली आमच्या युवक संघटनेतल्या साऱ्यांच्या सह्या. सह्या करणाऱ्यांपैकी एकानेही त्या कपाटातलं पुस्तक उघडलेलं नव्हतं. मीही नाही.

वाचनालयाची कार्यकारिणी एरवी आमच्या निवेदनांवर चहाचे कप ठेवायची. हे मात्र त्यांना भलतंच आवडलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, साऱ्या गावाचे 'सर'. ते म्हणाले, "पहिल्यांदा कामाचं बोलली पोट्टी. या कचऱ्यानं वाचनालयाचा दर्जा खाल्ला." बाकीच्यांनी पेपरावरून डोळे न उचलता माना हलवल्या. ही मंडळी सकाळी नऊपासून एकच पेपर आळीपाळीने वाचतात, त्यातला अर्धा वेळ त्याच्याआड झोपतात, आणि दर्जाची चिंता करतात. पुरुषांनी माझी मागणी इतक्या चटकन मान्य केली, तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी विजयात होते. रद्द करायच्या पुस्तकांची यादी करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. महिनाअखेरच्या बैठकीत यादी मंजूर होणार आणि कपाट रिकामं.

दुपार कलल्यावर मी कपाट उघडलं. पुस्तकं बारकी, कव्हरं फाटकी, पाठीला चिकटपट्टी. प्रत्येक पुस्तकाच्या एकतिसाव्या पानावर कसल्या कसल्या खुणा होत्या. एक पेन्सिलचं फूल, एक हिरव्या शाईचा त्रिकोण, एक चक्क चिकटवलेली टिकली. मी उखडलेच. सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण! ग्रंथपाल बाईंना विचारलं, "हे कोणाचे धंदे?"

"धंदे नाई वो बाई, हजेरी आहे ते," त्या म्हणाल्या. "साऱ्याच पुस्तकाईची नावं सारखी, चित्रं सारखी. आपण वाचलं का नाई, कसं समजन? मंग एकतीसवं पान पाह्यचं. आपली खूण दिसली का ठेवून द्यायचं."

यादीत शेरा लिहायला पुरावा हवा, म्हणून मी एक पुस्तक उघडलं. एखादं भयंकर वाक्य उचलायचं आणि बैठकीत वाचून दाखवायचं, एवढाच हेतू. नायिका पोस्टात कारकून, नायक डोळ्यांचा डॉक्टर, आणि दोघांत एक हरवलेलं रजिस्टर पत्र. मी स्टुलावर बसले. बाईंनी खिडक्या लावायला घेतल्या तेव्हा माझं शंभरावं पान चालू होतं आणि त्या डॉक्टरला चपलेने मारावंसं वाटत होतं, कारण पत्र त्याच्याच कोटाच्या खिशात होतं आणि गाढव तो कोट धोब्याकडे टाकत होता. पुस्तक मी पत्रकांच्या गठ्ठ्यात घालून घरी नेलं. पुरावा म्हणून. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पुरावे नेले.

चार दिवसांनी दुपारी दोनला, पेपरवाली मंडळी घरी जेवून आडवी झाल्यावर, त्या खुणांच्या मालकिणी आल्या. त्या रोज याच वेळेला यायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं. गावातल्या स्त्रियांसाठी लढणारी मी दुपारी दोनला नेहमी कुठल्यातरी कार्यालयाबाहेर घोषणा देत असायचे. पाच-सहा जणी होत्या. टिकलीवाली अंगणवाडीची ताई. हिरवा त्रिकोण म्हणजे प्रत्यक्ष काकू, अध्यक्षांच्या सौभाग्यवती.

"तूच का थे पोट्टी, गुंगीवाली?" काकूंनी विचारलं.

मी मान डोलावली.

"वाचलं का एखांदं?"

"तीन."

"माय वं! आन् गुंगी आली?"

साऱ्या खदखदून हसल्या. मग मी काय वाचलं, यावर चौकशी बसली. डॉक्टरचं नाव काढताच अंगणवाडीताई भडकल्या. "थ्या बैताडाचं नाव नको काढू! एवढा मोठा डॉक्टर, घरात चार नोकर, आन् चहा हिच्याच हातचा पाहिजे. काहून? हात मोडले का त्याचे?"

"निसर्गवर्णन वाचलं का तू?" दुसरीने विचारलं.

"वाचलं."

"नवीन आहे बिचारी. थे सोडून द्यायचं असते."

आमच्या अभ्यासवर्गात दोन तास एकच माणूस बोलतो आणि बाकीचे 'बरोबर' म्हणतात. इथे कोणी कोणाला वाक्य पुरं करू देत नव्हतं. नायकाला पगार किती, सासूची खोली कुठे, पळून जाताना नायिकेने दाखले सोबत का घेतले नाहीत, साऱ्याचा पंचनामा. गुंगी म्हणे! मी माझ्या निवेदनाची लाज वाटून घ्यायला सुरुवात केली, पण काकूंनी तेवढ्यावर सोडलं नाही.

"हे पाह्य पोरी," त्या म्हणाल्या, "घरी टीव्ही सरांचा. फोन नातवाईचा. गावात मले कोणी नावानं ओळखत नाई, 'सरांच्या मिसेस' म्हणते. दुपारचे दोन तास माह्ये आहेत. थे तू रद्दीत देऊन राह्यली."

मी लगेच नवं आंदोलन आखलं, मला दुसरं येतच नाही. आणि ग्रंथपाल बाईंच्या देवघेव रजिस्टरात मला बॉम्ब सापडला. घरटी सभासदत्व एकच, आणि कार्ड नवऱ्याच्या नावावर; आमच्या घरचं तेवढं मी भांडून माझ्या नावावर करून घेतलेलं. त्यामुळे रजिस्टरप्रमाणे या कपाटाचे सगळ्यात निष्ठावंत वाचक होते सन्माननीय अध्यक्ष. वर्षानुवर्षं, आठवड्याला दोन प्रेमकथा. मी उड्या मारल्या. झेरॉक्स काढू, चौकात लावू, बैठकीत वाचून दाखवू!

"नाई," काकू म्हणाल्या.

"पण काकू, त्यांचं तोंड बंद होईल!"

"बैठकीत होईन. घरी उघडन. मी कॅलेंडरचं कव्हर घालून वाचतो, त्याईले वाटते पोथी आहे. एकदा समजलं का जेवतानी टोमणा, पाव्हण्यासमोर टोमणा. तुमचं आंदोलन एका दिवसाचं राह्यते. मले थ्याच घरात राहा लागते."

बैठकीला मी यादी न करताच गेले. माझ्या संघटनेची चार पोरं माझा सत्कार पाहायला आली होती. मी उभी राहून म्हटलं, निवेदन मागे घेते.

"काहून?" अध्यक्ष म्हणाले.

"लोक ती पुस्तकं वाचतात."

"कोण वाचते? एक नाव सांग."

रजिस्टर टेबलावरच होतं, हाताच्या अंतरावर. ग्रंथपाल बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मी आयुष्यात गप्प बसायचा सराव केलेला नाही. ते नाव माझ्या जिभेवर आलं, दाताला लागलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं, "हाय का कोणी? का हवेत गोळीबार?"

"मी वाचते," मी म्हटलं.

आधी पोरं हसली. मग पेपरवाली मंडळी जागी होऊन हसली. "क्रांती कुठवर आली?" एकाने विचारलं. "हनिमूनपर्यंत," दुसरा म्हणाला. एरवी मी अशा माणसाला तिथल्या तिथे सोललं असतं. पण तोंड उघडलं असतं तर त्यातून काकूच बाहेर पडल्या असत्या. म्हणून मी एवढंच म्हटलं, "माझ्या कार्डावर नोंदवा. अख्खं कपाट. मी सभासद आहे, मागणी करायचा मला हक्क आहे."

हक्क म्हटल्यावर ते जरा बिचकले. मी धरणं धरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. शेवटी ठरलं, पैसे नवीन प्रेमकथांवर घालायचे नाहीत, पण आहे ते कपाट राहू द्यावं. इतिवृत्तात 'युवा सभासदाच्या वैयक्तिक आवडीस्तव' असं लिहिलं गेलं. माझ्या नावासकट. पोरांनी बाहेर पडताच त्याचा फोटो संघटनेच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली आलेली हृदयं मी अजून मोजलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोनला मी वाचनालयात गेले. काकू आधीच कपाटापुढे उकिडव्या बसून एकतिसावी पानं चाळत होत्या.

"काल घरी आले तं जेवताजेवता म्हणे, थे पोट्टी पार बिघडली," त्या वर न पाहता म्हणाल्या.

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, हाव ना, लयच वाया गेली. आन् भाजी वाढली." त्यांनी एक पुस्तक ओढून माझ्या हातात कोंबलं. "हे घे. यातला हीरो जंगलखात्यात आहे. जरा बरा आहे, निदान स्वतःचा डबा स्वतः धुते."