लिपिकाची चूक

येशुदास आमच्या कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसत. सव्वीस वर्षं तेच टेबल आणि तीच खिडकी. गरिबाच्या पोराचं शिक्षण कुणाच्या हातात आहे असं दौंडात कुणाला विचारलं असतं, तर त्यानं मंत्र्याचं नाहीतर आमदाराचं नाव सांगितलं असतं. ते येशुदासांच्या हातात होतं, कारण फॉर्म ते तपासत.

माणूस बुटका, अंगात कायम पांढरा शर्ट, अक्षर छापल्यासारखं. बोलणं मात्र इतकं संथ की माझ्यासारखीचा जीव जायचा. दुसरा कुठलाही क्लार्क चुकीचा फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवून मोकळा होतो. येशुदास त्या मुलाला आत बोलवत, स्टुलावर बसवत आणि एकेक रकाना त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेत. मग विचारत, "आता सांग, काय समजलं?" मुलानं आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय शिक्का उठत नसे. मग बाहेर रांग गेटापर्यंत का जाईना.

मी एकदा वैतागून म्हटलं, "येशुदास, हे ऑफिस आहे, तुमच्या चर्चमधली शब्बाथ शाळा नव्हे."

"मॅडम, त्याला वाचता येतं. समजलंय की नाही तेवढं बघतो."

त्यांचं स्वतःचं शिक्षण असंच गेलं होतं. शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारात वाढलेले, वडील तिथल्या बोर्डिंगात स्वयंपाकी. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिष्यवृत्तीचा अर्ज केला, तो धर्माच्या रकान्यापाशी अडकून परत आला. का परत आला हे कुणी सांगितलं नाही. एक कागद जोडला असता तर चाललं असतं, हे त्यांना दोन वर्षांनी कळलं. तोवर ते नोकरीला लागले होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं, कृपाबाईंनी सांगितलं.

आता त्या वर्षाबद्दल. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कॉलेजला प्राचार्य नव्हते, म्हणून राज्यशास्त्र शिकवणारी मी प्रभारी प्राचार्य झाले होते. पुऱ्या फीची सवलत देणाऱ्या कायद्याची मुदत त्या उन्हाळ्यात संपली. तो पुढे चालू ठेवायचा तर मुंबईत नव्यानं मंजूर करायला हवा होता, आणि तिथं भांडण लागलं होतं. एक बाजू म्हणे, कॉलेजला जाणाऱ्यानं कर्ज काढावं, सरकारनं का भरावं? दुसरी म्हणे, सवलत सगळ्यांना द्या. तिसरी म्हणे, द्या, पण उत्पन्न बघून द्या. रोज सभात्याग, रोज तहकुबी. आमच्या आमदारांनी सभागृहातून बाहेर पडून केलेल्या घोषणा पेपरात आल्या, आणि त्याच पेपराचं कात्रण घेऊन रविराज नावाचा आमचा विद्यार्थी पुढारी कॉलेजभर फिरला. हा दोन वर्षं एकाच वर्गात बसत होता, पण विधेयकाच्या प्रत्येक कलमावर त्याचं मत तयार असे.

खेड्यांतून येणाऱ्या पालकांना मुंबईशी काही कर्तव्य नव्हतं. ते खिडकीशी येऊन विचारत, "काय झालं भाऊसाहेब, आपल्या सवलतीचं?"

"अजून भांडतायत."

"कोण जिंकंल?"

"ते जिंकतील, आप्पा. कुणीही जिंकलं तरी तेच जिंकतील. तुम्ही अर्ध्या फीचा फॉर्म भरून टाका."

ही अर्ध्या फीची सवलत जुनी होती आणि तिचा या भांडणाशी संबंध नव्हता. मात्र तिचा अर्ज ३१ जुलैच्या आत भरावा लागे. येशुदासांनी सूचना लिहून माझ्याकडे सहीला आणली: "फी-सवलतीचं मुंबईत अजून काही ठरलेलं नाही. ते ठरेल म्हणून थांबू नका. अर्ध्या फीचा फॉर्म ३१ जुलैच्या आत भरा. समजलं नाही तर खिडकीवर या."

मी म्हटलं, "ही सूचना आहे की शेजारणीला पाठवलेला निरोप?" आणि तिथल्या तिथं सगळी खोडून नवी लिहिली: "शुल्क-सवलत विधेयक सभागृहात ठेवण्यात आले आहे. इच्छुक विद्यार्थ्यांनी प्रचलित अर्धशुल्क सवलतीचे अर्ज ३१ जुलैपूर्वी सादर करावेत."

त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. "मॅडम, 'ठेवण्यात आले' नको. 'मांडलंय' म्हणू. किंवा 'पास झालेलं नाही' म्हणू."

"पटलावर ठेवणं हाच शब्द आहे. तीस वर्षं मी हेच शिकवते."

"वर्गात ठीक आहे."

"येशुदास, लिहा."

त्यांनी त्या सुंदर अक्षरात ती उतरवली, खाली कोपऱ्यात नियमाप्रमाणे स्वतःची आद्याक्षरं घातली आणि फलकावर लावली. चार दिवसांनी त्यांना कावीळ झाली. ते शिरूरला घरी पडून राहिले, आणि खिडकीवर दुसरा क्लार्क बसला. तो फक्त शिक्के मारत होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अधिवेशन संपलं. विधेयक तसंच पडून राहिलं. येशुदास पिवळ्या डोळ्यांनी कामावर हजर झाले, आणि दुसऱ्याच दिवशी पूनम तिच्या वडलांना घेऊन आली. पूनम भीमेकाठच्या वडगाव रासाईची. तिथून जीपनं केडगाव आणि पुढं शटलनं दौंड, असं रोज करायची. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला होती. आजोबांपर्यंत घराणं मेंढरांमागं फिरलेलं, वडील आण्णा शेतीवर स्थिरावलेले. त्या घरातली शाळेच्या पुढं गेलेली ही पहिलीच मुलगी.

मी ऑफिसात कपाटापाशी फाईल शोधत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"भाऊसाहेब, पोरीचा दाखला द्या," आण्णा म्हणाले.

"दाखला कशाला?"

"कशाला म्हंजी? आता पुरी फी भरा म्हणत्यात. ती काय आमच्यानं व्हायची न्हाई. कुरकुंभला कंपनीत पाकिंगला बाया घेत्यात, तिथं चिकटवतो. तुमीच बोर्डावर लिवलं हुतं न्हवं, सवलत ठेवली म्हणून?"

"ठेवली असं नव्हतं, आण्णा. सभागृहात ठेवण्यात आलं, असं होतं."

"मग येगळं काय म्हणतोय मी? आमी मेंढरं ठेवली म्हंजी इकली न्हाईत. सवलत ठेवली म्हंजी काढली न्हाई. आमी बी मराठीच बोलतो की, भाऊसाहेब."

पूनम हळूच म्हणाली, "सर, मी तीनदा वाचली. पुरी सवलत ठेवलीय तर अर्धी कोण कशाला मागंल? म्हणून न्हाई भरला फॉर्म. आमच्यातल्या कुणीच न्हाई भरला."

कुणीच म्हणजे सात जण. येशुदासांनी तिथंच नावं लिहून घेतली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

एकदा दाखला हातात पडला की नाव पटावरून गेलं, आणि विद्यापीठातून ते परत चढवायचं म्हणजे वर्ष गेलंच. येशुदासांनी ड्रॉवर अर्धा उघडला, बंद केला आणि म्हणाले, "दाखल्याचं पुस्तक संपलंय, आण्णा. छापून यायचंय. सोमवारी या." दाखल्याचं कोरं पुस्तक त्याच ड्रॉवरमध्ये होतं. मला ठाऊक होतं, कारण आदल्या आठवड्यात मीच ते मोजून घेतलं होतं. ते सव्वीस वर्षांत ऑफिसात खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुण्याच्या उच्च शिक्षण कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "मुदतीनंतर अर्ज घेता येत नाही. विद्यार्थ्याची चूक असेल तर विषयच संपला. कॉलेजची चूक असेल तर लेखी द्या, कुणाची ते लिहून. मग बघता येईल."

बाहेर जिन्यात मी म्हटलं, "मी देते लिहून. मसुदा माझा होता."

येशुदास दोन पायऱ्या उतरून थांबले. "मॅडम, प्राचार्यांची चूक म्हटलं की संस्थेचा खुलासा मागवतील. चौकशी समिती येईल. दिवाळी उजाडेल. क्लार्कची चूक एका कागदावर मिटते. अक्षर माझं आहे, खाली आद्याक्षरं माझी आहेत."

"पण तुमची हेडक्लार्कची फाईल वर गेलीय."

"सोमवारी आण्णा येणार आहेत," ते म्हणाले.

त्यांचा हिशेब बरोबर होता. सरकारी कागद कसा चालतो हे ते माझ्यापेक्षा जास्त जाणत होते. पण मी 'बरं' म्हटलं ते हिशेब पटला म्हणूनच केवळ नव्हे. मला सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरताना माझी पावलं हलकी पडत होती, हे मला आजही आठवतं.

त्यांनी तिथल्याच बाकावर बसून लिहिलं: "सूचनेतील संदिग्ध शब्दयोजना ही लिपिकाची चूक आहे." मी खाली सही करून पुढे पाठवलं.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. रविराजला कुठून तरी बातमी लागली. इतके दिवस तो मंत्र्याचा राजीनामा मागत होता. मंत्री काही दौंडला येत नव्हता, पण क्लार्क रोज खिडकीत सापडत होता. चाळीसेक पोरं घेऊन तो ऑफिससमोर आला. "सवलत बुडवणाऱ्या क्लार्कला निलंबित करा." मागून कुणीतरी ओरडलं, "मिशनवाल्यांना आमच्या पोरांची काय पडलीय?" त्यावर दोन-चार जण हसले. येशुदास खिडकीत बसून फॉर्म तपासत राहिले. रविराजचाच एक कार्यकर्ता मोर्चा संपल्यावर बोनाफाईड मागायला आला, तर त्यालाही त्यांनी स्टुलावर बसवलं.

मी माझ्या केबिनमध्ये होते. दार बंद होतं. ते मी उघडलं नाही.

सोमवारी आण्णा आले. पुस्तक आलं नव्हतं. गुरुवारी परत आले. "भाऊसाहेब, तुमचं पुस्तक काय बोटीनं येतंय का विलायतेवरनं?"

"येईल, आण्णा. चहा घ्या."

"चा किती वेळा पाजता? कंपनीतली जागा जाईल माझ्या पोरीची."

"शनिवारपर्यंत कळ काढा. शनिवारी दाखला नाहीतर मी, एकजण नक्की बाहेर पडतो."

शुक्रवारी दुपारच्या टपालानं मंजुरी आली. सातही अर्ज खास बाब म्हणून घ्यावेत. त्याच पाकिटात दुसरा कागद होता: संबंधित लिपिकाला लेखी ताकीद द्यावी आणि तशी नोंद सेवापुस्तकात घ्यावी. नोंद मी माझ्या हातानं घेतली. नियमाप्रमाणे ती प्राचार्यालाच घ्यावी लागते.

पूनम पास झाली. आज ती कुरकुंभच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत आहे, पाकिंगला नाही. ते विधेयक पुढं कुठल्या तरी अधिवेशनात काटछाट होऊन मंजूर झालं, आणि आमदारांनी श्रेयाचा बोर्ड लावला. येशुदासांपेक्षा सहा वर्षांनी कनिष्ठ असलेला माणूस हेडक्लार्क झाला. ते त्याच टेबलावरून निवृत्त झाले.

मागच्या महिन्यात मी शिरूरला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, मी हे सगळं लिहिणार आहे. येशुदास म्हणाले, "कशाला, मॅडम? झालं ते झालं."

"तुमच्यामुळे सात मुलांचं वर्ष वाचलं. लोकांना कळायला नको?"

ते म्हणाले, "आठ होती. संपत म्हणून एक होता, भांडगावचा. तो विचारायलाच आला नाही. मी रजेवरून आल्यावर हजेरी चाळली, तर अधिवेशन संपल्यापासून गैरहजर. घरी गेलो. फी पुरी भरावी लागणार असं कुणीतरी सांगितलं, आणि गेला तो ट्रकवर. परत आणायला गेलो तेव्हा तो गुजरातकडे होता." मला हे माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तुम्हाला सांगून काय झालं असतं?"

कृपाबाई दारात उभ्या होत्या. आतापर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मॅडम, सूचना कुणी लिहिली ते ह्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मॅडम शिकलेल्या आहेत, पोरांचं काम झालं की स्वतःच सांगतील. मग वाटलं, ह्यांच्या बढतीच्या वेळेला सांगतील. निरोप समारंभात तरी सांगतील म्हणून मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले होते. तुम्ही ह्यांच्या अक्षराचं कौतुक केलंत."

"कृपा, पुरे," येशुदास म्हणाले.

"पुरे काय? आत्ता तर तोंड उघडलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिहा. पण 'प्रभारी प्राचार्य' असं लिहू नका. नाव घालून लिहा."

ती सूचना मी लिहिली होती. सुषमा लिमये, राज्यशास्त्र विभाग.