सत्यशीला ‘न्हाई’ म्हणायला शिकली त्याची हकिकत

आमच्या शेजारच्या सत्यशीलाला साठी उलटली तरी कोणाला ‘न्हाई’ म्हणता येत नव्हतं. कुकर विकणाऱ्या पोरानं तिला एकाच दिवशी दोन कुकर विकले. दुसऱ्यांदा तर तो नुसतं पाणी प्यायला आल्ता. तिची बाज कोणाच्या तरी बाळंतपणाला गेली, ती अजून गावातच फिरून राह्यली. बाळं मोठी होऊन कॉलेजात गेली, बाज काही घरी आली न्हाई.

शिबिरही असंच तिच्या गळ्यात पडलं. अठरा वर्षांमागं आमच्या चर्चच्या पाळकांनी विचारलं, “बाई, उन्हाळ्यात पोरींचं पाच दिवसांचं शिबिर घ्याल का?” तवा हिच्या तोंडात भाकरीचा घास होता. घास उतरावा म्हणून हिनं मान हलवली. तेव्हापासून दर मे महिन्यात तेरा ते सतरा वर्षांच्या तीस-बत्तीस पोरी हिच्या ताब्यात, अन् त्यांचा स्वयंपाक माझ्या ताब्यात. कारण तिला लोकांना न्हाई म्हणता येत न्हाई, अन् मला तिला.

यंदा जालन्याहून प्रीती नावाची तरुण मास्तरीण आल्ती. तिनं पहिल्याच दिवशी पोरींना शिकवलं, “कोणी नको ते मागितलं तर सरळ न्हाई म्हणायचं. ‘बघू’, ‘सांगते’, ‘घरी विचारते’ असं घुटमळायचं न्हाई. डोळ्यांत बघायचं, न्हाई म्हणायचं, कारण द्यायचं न्हाई.” सत्यशीला मागं बसून मान डोलवत होती.

पोरी भलत्याच हुशार. संध्याकाळी मी हाक मारली, “अक्षता, ये गं, ताटं घासायची पाळी तुझी.”

अक्षता आली, माझ्या डोळ्यांत बघितलं अन् गोड हसून म्हणाली, “न्हाई, आजी.”

“का गं?”

“कारण द्यायचं न्हाई.”

मी म्हणलं, “बरं. मंग मीही शिकले. उद्या पोहे न्हाईत. कारण द्यायचं न्हाई.”

दहा मिनिटांत ताटं अशी लखलखली की त्यात बघून पोरींनी वेण्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबराव आले. हे आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच. बसायच्या आधीच म्हणाले, “सत्यशीला, पुतण्याचा साखरपुडा शनिवारी धरलाय. चर्चचा हॉल लागंल, मांडव लागंल, ती मोठी पातेली लागतील. पोरींना शुक्रवारीच घरी लावून दे. एका दिवसानं काय बिघडतंय?”

शनिवारी तर शिबिराचा समारोप. पोरींचा नाच, नाटक, अन् बघायला सगळ्यांच्या आया येणार. अर्पिता नावाची एक पोरगी आहे, तिची आई शहागडला हायवेवर चहाची टपरी चालवते. वर्षातून एकच दिवस टपरी बंद ठेवते, तो हाच. तीन वर्षं अर्पिता नाचात मागच्या रांगेत होती, यंदा पहिल्या रांगेत. हे सगळं सत्यशीलाला ठाऊक. तरी तिच्या तोंडून निघालं काय, तर “बघू की, दादा.”

“झालं तर मंग! उद्या पातेली न्यायला येतो,” म्हणून साहेबराव गेलेसुद्धा.

अर्पितानं दारातून सगळं ऐकलं. नाचाची ओढणी तिनं घडी घालून पिशवीत टाकली. ते बघून सत्यशीलाचे डोळे भरले.

अक्षता कमरेवर हात ठेवून म्हणाली, “रडू नका मावशी, शिका. साहेबराव उद्या पातेली न्यायला येणार. तवर आम्ही तुमची तालीम घेतो.”

पोरींनी रांग लावली. एकेकीनं येऊन काहीतरी मागायचं, मावशीनं न्हाई म्हणायचं. पहिलीनं केसांची पिन मागितली. मिळाली. दुसरीनं घड्याळ मागितलं. मिळालं. तिसरीनं चप्पल नेली, चौथीनं चादर. बाई अनवाणी उभी, केस मोकळे, अन् विसावीला विचारते, “तुला काय देऊ, बाळा?”

प्रीतीनं कपाळाला हात लावला.

शेवटी एक बारकी पोरगी म्हणाली, “मावशी, तुमची लोणच्याची बरणी द्या.”

“न्हाई!”

एवढ्या जोरात ओरडली की आवारातली कोंबडी उडून भिंतीवर बसली. कैरीचं लोणचं ती मलाही मोजून एकच फोड देते, हे मला आधीच आठवायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव टेम्पो घेऊनच हजर. सत्यशीला दारात उभी राहिली. मागं खिडकीत सगळ्या पोरी, हळूच म्हणून राह्यल्या, “लोणचं, मावशी, लोणचं.”

तिनं साहेबरावांच्या डोळ्यांत बघितलं. “हॉल मिळणार न्हाई, दादा.”

“आं? बरं, मांडव तरी?”

“न्हाई.”

“पातेली?”

“न्हाई!”

साहेबराव माझ्याकडं वळले. “सोनूबाई, हिला ऊन तर लागलं न्हाई ना?”

मी म्हणलं, “सत्यशीला, दादांना चहा टाकू का?”

“न्हाई!”

बांध फुटला होता, त्याला मी तरी काय करणार? चहा मी टाकलाच, पण टेम्पो रिकामा गेला. साखरपुडा त्यांनी शनिवारी सकाळी आपल्याच अंगणात उरकला.

त्याच दुपारी आया आल्या. साखरपुड्याचे पाहुणेही नाच बघायला आमच्याच मांडवात शिरले, म्हणून साहेबरावांना यावंच लागलं. नाच संपला तशी अर्पिताच्या आईनं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. हायवेवर ट्रक थांबवायची शिट्टी ती, सगळा मांडव हादरला. “आणखी एकदा!” ती ओरडली.

साहेबराव उठले. “बास झालं आता. पाहुण्यांचा चहा व्हायचाय. चला.”

सत्यशीला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“न्हाई, दादा. बसा.”

साहेबरावांनी इकडं तिकडं बघितलं, अन् बसले.