वेल्डर देणाऱ्या एजन्सीत वेगळं काय?

आमच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्से जास्त साठतात. घरी सांगायला लागले की आई म्हणते, "ते राहू दे, तू तिथं नक्की करतेस काय ते सांग." तिथंच माझी गाडी अडते. दोन वर्षं झाली, मलाच नीट कळलेलं नाही.

मुरबाडला हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही कारखान्यांना माणसं देतो, पण फक्त वेल्डर. कुणी फिटर मागितला तर आमचे भाऊ सरळ सांगतात, "नाय आपल्याकडे." भाऊ म्हणजे मालक. अर्धं आयुष्य पाइप जोडण्यात गेलेला माणूस. मी आसनगावची, बी.कॉम. ऑफिसात आम्ही दोघंच.

तर यंदा बॉयलरच्या कारखान्यानं कळवलं, ठाण्याची एक मोठी एजन्सी आली आहे, दोघांतली एकच ठेवणार. तुम्ही वेगळे कसे, ते एका पानात लिहून द्या. आमचं बहुतेक काम त्या एका कारखान्याचं. ते गेलं की ऑफिसला कुलूप आणि मी घरी. भाऊंनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला, "तू शिकलेली हायेस, लिही." लिहायला बसले तर डोक्यात हे असलंच यायला लागलं.

*

माझा पहिला आठवडा. समोर एक उमेदवार. मी रीतसर म्हटलं, "स्वतःबद्दल सांगा." बिचाऱ्याला घाम फुटला. भाऊंनी येता येता त्याच्या शर्टाकडे बघितलं. "खांद्याला भोकं हायेत. डोक्यावरचा जोड मारतो हा. घे."

झाला इंटरव्ह्यू. ठिणग्या वरून खांद्यावर पडतात म्हणे. मी माझी प्रश्नांची यादी ड्रॉवरमध्ये टाकली.

ही बातमी गावोगाव गेली. पुढच्या महिन्यात एकजण आला, त्याच्या शर्टाला इतकी भोकं की मला दयाच आली. भाऊंनी बाही नाकाशी नेली.

"उदबत्तीनं पाडलीस ना रे?"

"तुमाला कसं कळलं?"

"मोगऱ्याचा वास येतोय."

त्याला घेतलं नाही, पण चहा पाजला. वर भाऊ मला म्हणतात, "मेहनती हाय पोरगा." आता ह्यावरून मी काय समजायचं?

*

आमच्या फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना नाही. पण 'भातलावणी कधी? घरात माणसं किती?' असा आहे. कारखान्याच्या एचआर मॅडमनी फोन केला, "ही माहिती आम्हाला कशाला?" मला तरी कुठं माहीत होतं? मी म्हटलं, "मॅडम, पॉलिसी आहे."

जुलैत दुसऱ्या एका एजन्सीची सगळी माणसं एका दिवशी गायब झाली. कुणाची आजी वारली, कुणाला ताप. आमची चार-चारच्या पाळीनं लावणीला गेली आणि परत आली. टोकावड्याचा एकजण तर नखांत चिखल घेऊन थेट शिफ्टला हजर. मॅडमचा पुन्हा फोन, "ती तुमची पॉलिसी जरा मेल कराल का?" ती कुठं लिहिलेली असती तर केली असती.

*

एकदा त्याच मॅडम म्हणाल्या, टेस्ट व्हिडिओ कॉलवर घेऊ. मी फोन उभा लावला. वेल्डिंग सुरू झालं आणि मॅडमच्या स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड.

"नेटवर्क गेलं का?"

"नाही मॅडम, हेच आहे."

पाच मिनिटं आम्ही दोघी तो उजेड बघत बसलो. शेवटी त्या म्हणाल्या, "चांगलं वाटतंय." मीही हो म्हटलं. दोघींनाही काही दिसलेलं नव्हतं.

*

तर ते पान. मी नेटवर बघून झकास इंग्रजीत लिहिलं. भाऊंनी उलटसुलट बघितलं आणि घडी करून खिशात घातलं.

कारखान्यात त्या दिवशी दोन्ही एजन्सींच्या एकेका माणसानं एकेक पाइप जोडायचा होता. ठाण्याचे साहेब कोट घालून, लॅपटॉप उघडून बसले. भाऊ मात्र शेडकडे पाठ करून, डोळे मिटून उभे. मला वाटलं, झोप लागली ह्यांना. जीव माझा टांगणीला!

दोन्ही जोड झाले. आमच्या पोराचा उजवा, हे मलासुद्धा दिसत होतं. मॅनेजर म्हणाले, "जोडांचे एक्स-रे नंतर काढू. भाऊ, काम तुमचं. या, सही करा." मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

भाऊंनी पेन घेतलंच नाही. पोराला विचारलं, "मधीच थांबला होतास ना रे? आवाज तुटला."

पोरगा खाली बघायला लागला.

भाऊ मॅनेजरना म्हणाले, "साहेब, आमचा कापा."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. पाइप कापला. आत तिळाएवढं भोक. कोटवाले साहेब हसले. मॅनेजरनी त्यांना विचारलं, "आणि तुमचा कसा आहे?"

साहेबांनी लॅपटॉपमध्ये बघितलं. "त्याचं सर्टिफिकेट आहे, सर."

मॅनेजरनी पेन पुन्हा भाऊंच्या पुढं केलं. भाऊंनी सही केली आणि पोराला म्हणाले, "सोमवारी ये. दुसरा मारायचा."

परतताना रिक्षात मी न राहवून विचारलं, "भाऊ, आपलाच माणूस नापास झाला ना?"

"हो ना."

"मग काम आपल्याला कसं मिळालं?"

भाऊंनी खिशातून माझं पान काढून माझ्या हातात दिलं. "ह्यात लिवलं असंल बघ."