मेमसाबच्या कपाळावरची राख

कमलामावशी आज सकाळी सौंसरला वारल्या.
मोठ्या साहेबाच्या मेमसाबच्या कपाळाला चुलीची राख फासणाऱ्या आमच्या मुलखातल्या त्या एकट्याच.

नुसतं "ॐ शांती" टाकून मला मोकळं होता येत नाही. म्हणून एका बोटानं हे टाइप करून राहिली आहे. माझी शाळा चौथीत सुटली, बाकीचं मिळेल ते वाचून शिकले. चुका पोटात घाला.

माझे बाबा फौजेत होते. आम्ही पांढुर्ण्याचे, पण राहणं दूर उत्तरेतल्या छावणीत.
तिथं जवानांच्या लेकरांसाठी एक बालघर होतं. आया शिवणवर्गाला गेल्या की आम्ही पोट्टे तिथं.

कमलामावशी तिथं लेकरं सांभाळायच्या. नवरा फौजेतच आजारानं गेलेला, कडेवर दीड वर्षाची पोरगी. पलटणीनं दया म्हणून कामाला ठेवलं, पण टेम्पररी.
पक्की नोकरी झाली तर एक खोली मिळणार. नाही झाली तर परत सौंसरला थोरल्या दिराच्या दारात. तिथं पोटाला मिळे, पण मान वर करायची सोय नव्हती.

आणि पक्कं करणं न करणं मेमसाबच्या हाती. बालघराची देखरेख त्यांच्याकडं.

आदल्या दिवाळीलाच राज्यं नव्यानं वाटली होती. बाबा ड्यूटीवरून येऊन म्हणाले, "आता आपली राजधानी नागपूर नाही, भोपाळ."
आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काऊन? आपण तं कुठीच नाही हललो!"

मेमसाबना हे नवे नकाशे फार आवडले. त्यांनी हुकूम सोडला, अमुक दिवशी प्रत्येक राज्याच्या मुलांनी आपला खेळ दाखवायचा. सारे साहेब बघायला येणार. आणि मावशींना सांगितलं, "कमला, उस दिन तुम्हारा भी फ़ैसला करेंगे।"

पंजाबवाल्यांनी कुस्ती घेतली. मद्रासकडच्या पोरींनी फुगडीसारखं काहीतरी.
मध्य प्रदेश म्हणजे आम्ही पाच जण. चार पांढुर्ण्याचे, एक रामाकोन्याचा.

मावशींनी विचारलं, "आपला खेळ कोणता रे?"
पाचही जण एका सुरात ओरडलो, "गोटमार!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव. झेंडा हाती येईस्तोवर दगडांचा मारा. चांगलं का वाईट, ते बाजूला ठेवा. माझ्या काकाचे दोन दात त्यातच गेले, आणि तो ते कौतुकानं सांगे.

मावशी घाबरल्या. पण दुसरा खेळ त्यांनाही सुचेना.
"दगड नाही! जो दगड उचलन, त्याचा हात मी मोडीन."
मग शिवणवर्गात रफूला आलेले जवानांचे लोकरी मोजे गुंडाळून गोळे केले. नाली झाली जाम नदी. बाभळीची फांदी झाली पळस. झेंडा म्हणून मावशींचं लाल पोलकं.

खेळ सुरू झाला.
पाच जणांत कसली गोटमार? मी पंजाबवाल्यांना हाक मारली. ते आले. मद्रासवाल्या आल्या. पाच मिनिटांत सारा हिंदुस्थान नालीच्या दोन काठांवर!

मोजे संपले.
आणि नेमकं मधल्या खाण्याचं पातेलं तिथंच होतं. उकडलेले बटाटे.

मावशी ओरडून राहिल्या, "अरे बटाटे नाही! बटाटे नाही रे पोट्टेहो!"
एक बटाटा सूं करत आला आणि मेमसाबच्या कपाळावर फुटला.

सारे साहेब खुर्च्यांवरून उठले.

आता आमच्याकडं गोटमारीत कोणी जखमी झालं की चंडीमायच्या देवळातली राख लावतात. तक्रार नाही, रुसवा नाही. मावशींच्या हाडात तेच भिनलेलं. त्या धावल्या, चुलीतली मूठभर राख उचलली आणि मेमसाबच्या कपाळावर थाप मारून म्हणाल्या,
"चंडीमायचं नाव घ्या बाई, उद्या डागबी राहत नाही!"

मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. पोरीला उचलून त्या तशाच उभ्या राहिल्या.

मेमसाबनी थंड आवाजात विचारलं, "किसने मारा?"

नालीतून आवाज आला, "मैंने मारा, मम्मी!"

मेमसाबचीच बेबी. सहा वर्षांची. इस्त्रीचा फ्रॉक, रिबनी, आणि जवानांच्या लेकरांत बसायची मनाई. तिला कोणीच खेळायला नव्हतं. ती गुडघाभर चिखलात, हातात मावशींचं पोलकं, आणि खिदळून खिदळून उचकी लागलेली.
"मम्मी, मैं सावरगाव हूँ! हम जीत गए!"

मेमसाब तिच्याकडं बघतच राहिल्या. राखेचा टिळा नाकावर उतरत होता.
मग म्हणाल्या, "कमला, बच्चे यहाँ कितने बजे आते हैं?"
"नऊ बजे, मेमसाब."
"कल से बेबी भी आएगी। तुम्हारा काग़ज़ मैं आज ही भिजवाती हूँ।"
चार पावलं जाऊन परत वळल्या. "लेकिन अगले साल कबड्डी।"

मावशी नालीच्या काठावर बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. आम्हाला वाटलं, बटाटे वाया गेले म्हणून.

त्यानंतर किती पलटणींची लेकरं त्यांच्या हातून जेवून मोठी झाली, कोण जाणे. रिटायर होऊन सौंसरला आल्या त्या थोरल्या दिराच्या घरासमोरच दोन खोल्या बांधून राहिल्या. मी बाजाराला गेले की त्यांच्याकडं चहा ठरलेला.

सणावारी दिराकडं जेवायला जात. जेवण झालं की ताट तिथंच सोडून हात धुवायला उठत. एकदा थोरली जाऊ माझ्यादेखत म्हणाली, "अवं कमले, ताट कोण उचलन?"
मावशी सावकाश चूळ भरून म्हणाल्या, "मी पाहुणी आहो बाई. माह्यं घर समोर आहे."

मावशी, सावकाश जा.
ताट राहू द्या तिथंच. आम्ही उचलतो.